सरंदीबच्या डोंगराकडे, दोघांची सफर

श्रीलंकेच्या दक्षिण-मध्य भागात एक उंच, टोकदार डोंगर आहे. सिंहली बौद्ध त्याला श्रीपाद म्हणतात. तमिळ हिंदूंसाठी तो शंकराच्या पावलाचा डोंगर आहे. इंग्रजी नकाशात त्याचे नाव अ‍ॅडम्स पीक, आणि जुन्या अरबी प्रवाशांच्या लिखाणात तो सरंदीबचा डोंगर म्हणून येतो. उंची २,२४३ मीटर. शिखरावरच्या खडकात पावलाच्या आकाराचा एक मोठा खळगा आहे. बौद्ध मानतात की ते पाऊल गौतम बुद्धांचे, हिंदू मानतात शंकराचे, काही ख्रिश्चन संत थॉमस यांचे नाव घेतात, आणि मुसलमानांच्या जुन्या परंपरेनुसार जन्नतमधून जमिनीवर उतरलेल्या हजरत आदम (अलै.) यांचे ते पहिले पाऊल.

मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि मुलांचे अब्बू या डोंगरासाठी श्रीलंकेला गेलो. नऊ दिवस, एक भाड्याची मोटारसायकल आणि दोन लहान बॅगा. लग्नाला एकवीस वर्षे झाली, पण मुलांशिवाय दोघांनीच केलेला हा पहिला मोठा प्रवास. नात्यातल्या एका खालांनी सरळ विचारले, "एवढे पैसे आहेत तर आधी उमरा का नाही?" प्रश्न योग्यच होता. उमऱ्यासाठीची आमची भिशी वेगळी चालू आहे आणि तिला आम्ही हात लावलेला नाही. शिवाय जमिनीवर फिरा, आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, अशी शिकवण कुरआनमध्ये वारंवार येते. वर्गात ते शिकवणारी बाई स्वतः मात्र शाळा आणि घर यांच्यापलीकडे फारशी गेलेली नव्हती.

मोटारसायकल कशासाठी, असे अनेकांनी विचारले. बसच्या खिडकीतून गाव मागे पडते. मोटारसायकलवर मात्र पाऊस आला की कुणाच्या तरी ओसरीला थांबावे लागते, रस्ता चुकला की कुणाला तरी विचारावे लागते. श्रीलंकेत आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक चालते, त्यामुळे अवघडल्यासारखे होत नाही. निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. तो तिथे तसाच चालत नाही, म्हणून कोलंबोत ऑटोमोबाईल असोसिएशन ऑफ सिलोनच्या कार्यालयात त्यावर मान्यता घेतली. नियम बदलत असतात, तेव्हा जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. द्रुतगती मार्गांवर दुचाकीला बंदी आहे आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे. भगिनींसाठी एक सूचना: मोकळा बुरखा किंवा लांब ओढणी चाकात अडकते. मी सलवार, गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, वरून जॅकेट आणि हेल्मेटच्या आत बसणारा सुती स्कार्फ वापरला. पडदाही राहिला आणि जीवही.

गाडी चालवण्याचे काम त्यांचे, नकाशा आणि हिशोब माझ्याकडे. मुसाफिराला कसरची सवलत असल्याने नमाजाची अडचण कधी आली नाही. मशीद दिसली तर मशिदीत, नाहीतर चहाच्या मळ्याच्या कडेला जानमाज टाकून.

कोलंबोच्या रस्त्यावर पहिल्याच तासाला घरची आठवण झाली. तिथल्या बहुतेक रिक्षा बजाजच्या. आमच्या मोहल्ल्यातली कितीतरी मुले वाळूजच्या बजाज कारखान्यात कामाला जातात, त्यांना हे सांगायचे मी तिथेच ठरवले. नाते तसे त्याहून जुने आहे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात सिंहल लंकेवर स्वारी करतो ते चित्र आहे. सहलीच्या मुलांना ते दाखवताना लंका नेहमी गोष्टीतलीच वाटायची.

पेट्टा या बाजारपेठेत जामिउल अल्फार मशीद आहे. लाल-पांढऱ्या विटांचे पट्टे आणि डाळिंबाच्या आकाराचे घुमट. भारतातून आलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी ती १९०८-०९ मध्ये बांधली. देशाच्या लोकसंख्येत मुसलमान साधारण एक दशांश आहेत. बहुतेकांची घरातली भाषा तमिळ. आमची उर्दू त्यांना कळत नव्हती आणि त्यांची तमिळ आम्हाला, पण सलाम केला की पुढचे हातवाऱ्यांनी भागायचे. या मशिदीपासून थोड्याच अंतरावर कोच्चिकडेचे सेंट अँथनी चर्च आहे. २०१९ च्या ईस्टरला ज्या चर्चांमध्ये आणि हॉटेलांमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यांपैकी हे एक. अडीचशेहून अधिक माणसे मेली. मारेकऱ्यांनी इस्लामचे नाव घेतले, आणि त्यानंतर ज्यांचा त्यात काडीचाही हात नव्हता अशा मुसलमानांची दुकाने आणि घरे जाळली गेली. आम्ही चर्चच्या दारात काही वेळ गप्प उभे राहिलो. तिथे बोलण्यासारखे काही नव्हते.

कोलंबोहून कँडी ११५ किलोमीटर. कडुगन्नावाच्या घाटात रस्ता वळणे घेत चढतो. मागे बसून पाहताना हा घाट मला आपल्या कोकणातल्या घाटांसारखाच वाटला, फक्त करवंदांच्या जागी मसाल्याच्या बागा. कँडीच्या इतिहासात आपल्या वाचकांनी जाणून घ्यावे असे एक पान आहे. सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी किनाऱ्यावरच्या मुसलमानांना हाकलून लावले, तेव्हा कँडीचा बौद्ध राजा सेनारत याने त्यांना आपल्या राज्यात आसरा दिला आणि पूर्व किनाऱ्यावर वसवले. त्याच कँडी जिल्ह्यात २०१८ मध्ये दिगना परिसरात मुसलमानांविरुद्ध दंगल झाली. आसरा देणारा आणि घरे जाळणारे, दोघेही त्याच मातीतले.

कँडीहून हॅटन, मस्केलिया करत आम्ही नल्लतन्नी या पायथ्याच्या गावी पोहोचलो. श्रीपादचा यात्रेचा हंगाम डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातल्या वेसाक पौर्णिमेपर्यंत असतो. हंगामात रात्रभर पायऱ्यांवर दिवे असतात आणि वाटेत चहाची दुकाने उघडी असतात. पायऱ्या पाच हजारांहून जास्त. रात्री एकला चढायला सुरुवात केली. पुढे एक सिंहली कुटुंब होते, त्यात काठी टेकत चढणाऱ्या आजी. मागे तमिळ तरुणांचा घोळका. एका ठिकाणी पहिल्यांदा येणारे यात्रेकरू सुई-दोरा टाकतात. बुद्धांनी तिथे थांबून आपले वस्त्र शिवले, अशी त्यांची श्रद्धा आहे. आम्ही बाजूने वाट काढू लागलो, तर आजींनी माझा हात धरून मला उंच पायरीवर चढवले. माझा स्कार्फ त्यांना दिसत होताच.

इब्न बतूता १३४४ मध्ये मालदीवहून या बेटावर आला तो हेच पाऊल पाहण्यासाठी. त्या वेळच्या तमिळ राजाने त्याला पालखी दिली आणि सोबतीला योगी आणि ब्राह्मण दिले. एका मुसलमान मुसाफिराला हजरत आदम यांच्या डोंगरावर नेणारे वाटाडे हिंदू होते! कड्यावर चढण्यासाठी त्या काळी लोखंडी साखळ्या लावलेल्या होत्या. दहाव्या साखळीला शहादतची साखळी म्हणत, कारण तिथून खाली पाहिले की घेरी यायची आणि माणूस आपोआप कलमा म्हणायचा, असे त्याने नोंदवले आहे. शिराजच्या शेख अबू अब्दुल्लाह इब्न खफीफ यांनी मुसलमानांसाठी ही वाट प्रथम खुली केली, असेही तो सांगतो. आज पायऱ्या आणि कठडे आहेत. तरी शेवटच्या चढावर माझ्याही तोंडी कलमा आला.

वर पोहोचलो तेव्हा फज्रची वेळ होती. मूळ खळगा झाकलेला असतो, त्यावर छोटे मंदिर आहे. आम्ही तिथे पूजेला गेलो नाही. हजरत आदम (अलै.) जमिनीवर कुठे उतरले ते कुरआनमध्ये सांगितलेले नाही. सरंदीबची गोष्ट परंपरेतली आहे, अकीद्यातली नाही, आणि हे आम्ही मुलांनाही तसेच सांगतो. भिंतीच्या आडोशाला आम्ही दोघांनी नमाज पढली. नमाज संपेपर्यंत दोन तरुण आमच्यापुढून कुणी जाऊ नये म्हणून बाजूला थांबून राहिले होते. मग सूर्य उगवला आणि डोंगराची त्रिकोणी सावली पश्चिमेच्या ढगांवर पडली. लोक घंटा वाजवत होते. जितक्या वेळा माणूस हा डोंगर चढला तितके टोल द्यायचे, अशी तिथली रीत. त्या आजींनी इतके टोल दिले की मी मोजणे सोडून दिले.

उतरताना गुडघ्यांनी वय दाखवले. दुसऱ्या दिवशी आराम करून आम्ही नुवारा एलियाच्या चहाच्या प्रदेशातून पुढे निघालो. मळ्यांत पाने खुडणाऱ्या बहुतेक बाया तमिळ. त्यांच्या पूर्वजांना इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात दक्षिण भारतातून आणले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने त्यांच्यातल्या लाखो लोकांचे नागरिकत्व गेले आणि ते परत मिळायला अनेक दशके लागली. कागद नसलेल्या माणसाचे काय होते, हे त्या हिरव्या उतारांवर समजून घेण्यासारखे आहे.

हपुतळेचा घाट उतरून बलंगोडाला आलो आणि तिथून कूरगलाला वळलो. हा दुसरा डोंगर आमच्या यादीत माझ्या आग्रहाने आला होता. कड्यावरच्या गुहेत हजरत अब्दुल कादिर जिलानी (रह.) यांनी इबादत केली अशी तिथल्या मुसलमानांची श्रद्धा आहे. ते या ठिकाणाला दफ्तर जैलानी म्हणतात आणि तिथे उरूस भरवत आले आहेत. त्याच खडकांत प्राचीन ब्राह्मी लेख आहेत, म्हणून बौद्ध म्हणतात की हे मूळचे भिक्खूंचे ठिकाण. २०१३ मध्ये तिथली काही बांधकामे हटवण्यात आली, आणि अलीकडच्या वर्षांत त्या डोंगरावर मोठे बौद्ध स्थळ उभे राहिले.

गाडी पंक्चर झाली ती याच रस्त्यावर. दुरुस्ती करणारा सिंहली होता. कुठे चाललात विचारले, आम्ही सांगितले. तो थोडा वेळ ट्यूबकडेच पाहत राहिला, मग मोडक्या इंग्रजीत म्हणाला की लहानपणी उरुसाच्या गर्दीत तो शहाळी विकायचा, चांगला धंदा व्हायचा. चहा त्याने पाजला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

कूरगलाच्या कड्यावरून दक्षिणेचे सपाट रान दूरवर दिसते. मी आणि हे बराच वेळ बसलो. दोन्ही डोंगर एकाच रत्नपुरा भागातले. एकावर चार धर्मांनी चार गोष्टी सांगितल्या आणि कुणी कुणाची गोष्ट पुसली नाही. दुसऱ्यावर दोन गोष्टी होत्या, आणि दोन्ही पूर्ण खोट्या नव्हत्या. भिक्खू तिथे राहिले असतील, आणि त्यांच्यानंतर कित्येक पिढ्या मुसलमानांनीही तिथे अल्लाहचे नाव घेतले. आधी कोण, याचे उत्तर पुरातत्त्व देऊ शकेल. नंतर आलेल्यांनी कुठे जायचे, याचे उत्तर पुरातत्त्व देत नाही, ते शेजाऱ्यांनाच द्यावे लागते. हे वाक्य ह्यांचे आहे. एरवी घरी दिवसभरात आमचे बोलणे दूध, फी आणि गॅस यांपलीकडे जात नाही.

रत्नपुरामार्गे आम्ही समुद्रकिनारा गाठला. गॉलच्या किल्ल्यात १९०४ मध्ये बांधलेली मीरान जुम्मा मशीद बाहेरून चर्चसारखी दिसते, आतमध्ये मेहराब. बेरुवलाला समुद्रात घुसलेल्या टेकाडावर पांढरीशुभ्र केचिमलाई मशीद आहे. अरब व्यापारी या किनाऱ्यावर सर्वांत आधी इथे उतरले, असे गावकरी सांगतात. इथल्या एका घरी आम्हाला वट्टलप्पम खायला मिळाले. नारळाचे दूध, गूळ, अंडी आणि वेलदोडा घालून वाफवलेला हा गोड पदार्थ तिथे ईदला करतात. घरातल्या दादीने सांगितले की ईदच्या दिवशी पहिली वाटी शेजारच्या सिंहली घरी जाते. २०१४ मध्ये याच पट्ट्यात दंगल झाली, त्या वर्षीही वाटी गेली का, असे विचारण्याचे धाडस मला झाले नाही. त्यांनी आपणहून सांगितले: "गेली. उशिरा गेली, पण गेली."

वाचक बंधू-भगिनींनो, मुलांची लग्ने उरकली की फिरू, असे म्हणत आपल्यातली बरीच जोडपी गुडघे जाईपर्यंत थांबतात. परदेशच हवा असे नाही, मोटारसायकलही हवीच असे नाही. पण वर्षातून काही दिवस दोघांनी एकत्र निघावे, आणि शेजारच्या माणसाची गोष्ट ऐकायला वाटेत थांबावे. आमची उमऱ्याची भिशी पुढच्या वर्षी लागेल, इन्शाअल्लाह. खालांना सोबत नेण्याचे कबूल केले आहे.