तात्यांचं काम

गिरणी कामगार म्हटलं की हल्ली दोनच चित्रं डोळ्यांसमोर येतात. एक बावटा खांद्यावर घेऊन मोर्चात चालणारा आणि दुसरा संपानंतर देशोधडीला लागलेला. दोन्ही खरी आहेत, आमच्या चाळीत दोन्ही होते. पण आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, या दोन्हींत बसत नाहीत. त्यांच्यासारखे कितीतरी होते. त्यांच्यावर कोणी सिनेमा काढणार नाही.

तात्या लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात जॉबर होते. साचा म्हणजे माग. विणकर साचे चालवायचे आणि साचा अडला की जॉबरला बोलवायचे. बोलवायचे म्हणजे हातवारे करून. शेकडो धोटे एकदम इकडून तिकडे आपटत असताना तोंडाने बोललेलं कुणाला ऐकू जाणार? तिथली माणसं ओठांवरून बोलणं ओळखायची. तात्या घरीही मोठ्यानेच बोलायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत ऐकायचे. नव्या पाहुण्याला वाटायचं, रागावलेत की काय!

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. महिना-दोन महिन्यांत मिटेल असं सगळेच म्हणत होते. तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. वर्ष उलटून गेल्यावर काही जणांना परत घेतलं, तात्यांना नाही. तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते आणि पदरात आम्ही तीन मुलं.

खरं सांगायचं तर त्यानंतर घर आईने चालवलं. ती आधीपासून सहा गिरणीवाल्यांना जेवण घालायची. पण संपात तेच गावी निघून गेले, मग खाणावळ कशी चालणार? गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं. या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं काम मंडळ करायचं. आईने तसं कर्ज काढलं आणि ऑफिसवाल्यांचे डबे सुरू केले. पहाटे चारला स्टो पेटायचा.

आणि इथून तात्यांचं दुसरं आयुष्य सुरू झालं. स्टोचा पंप हवा धरत नसेल तर चामड्याचा वायसर काढून रात्रभर खोबरेल तेलात भिजत ठेवायचे. चामड्याचं आणि तेलाचं नातं त्यांना गिरणीत कळलेलं. आईला उभ्याने पोळ्या लाटता याव्यात म्हणून भिंतीला बिजागरीची फळी ठोकली. काम झालं की फळी खाली, कारण दहा बाय बाराच्या खोलीत रात्री तिथेच आम्ही झोपायचो. पोटमाळा त्यांनीच घातला. डब्यांच्या झाकणांवर खिळ्याने ठोके मारून खुणा केल्या, म्हणजे घाईत डबे बदलायला नकोत. शिवाय बाजारहाट, पाणी भरणं, डबे घासणं. चाळीत काही जण हसायचे. तात्यांना ते ऐकू जायचं नाही, किंवा ते तसं दाखवायचे. नक्की काय ते आईलाच माहीत.

बाहेरची कामंही करायचे. पंखा हळू फिरतोय, शिवणयंत्र टाके सोडतंय, नळ गळतोय. पंख्याच्या आवाजावरूनच सांगायचे, कंडेन्सर गेलाय की बेअरिंग. बाहेरच्या गिऱ्हाइकाकडून चोख पैसे घ्यायचे, पण चाळीतल्या संपकऱ्याकडून एक पैसा नाही. यावरून आईशी खटके उडायचे. आईचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आमच्याही फिया थकलेल्या असायच्या. तात्या म्हणायचे, "अगं, त्याच्याकडे असते तर त्याने दिले नसते का?" मग आई दोन दिवस त्यांच्याशी बोलायची नाही. तिचे ओठ हलले नाहीत की तात्यांना घर फार शांत वाटायचं.

कुणी नव्याने भेटलं आणि विचारलं, "सध्या काय करता?" तर सांगायचे, "हिच्या हाताखाली असतो." त्यात कडवटपणा नसायचा. नोकरी गेली होती, काम गेलं नव्हतं, इतका साधा हिशोब होता त्यांचा. त्या काळात चाळीतले कितीतरी धडधाकट पुरुष नोकरीबरोबर स्वतःलाही हरवून बसले. तात्या वाचले ते फार शूर होते म्हणून नाही, असं मला वाटतं. बायकोच्या कामात हात घालायची त्यांना लाज वाटली नाही, म्हणून वाचले.

2006 मध्ये तात्या गेले. पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज निघाले (पहिली सोडत 2012 ची), तेव्हा आम्ही त्यांचा पत्र्याचा डबा उघडला. हजेरीचं तिकीट, ईएसआयचं कार्ड, पगाराच्या पावत्या, सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं. अर्जात गिरणीचं नाव, खातं, तिकीट नंबर लिहिला. तिथे तात्यांचा हिशोब 1982 ला संपला. ते बरोबरच आहे, अर्ज गिरणीच्या नोकरीबद्दलचा होता.

त्याच डब्यात तळाशी पुडीत बांधलेले स्टोचे चार नवे वायसर होते. घरात गॅस येऊन तोवर पंधरा-सोळा वर्षं झाली होती. "यांचं काय करायचं?" भावाने विचारलं. आई म्हणाली, "राहू देत, लागतात कधी कधी."