गाजरगवत आणि माझी चूक

बेंगळुरूच्या पोस्टिंगमधली गोष्ट. बराकीसमोर झेंडू लावायचा होता. फटीगमध्ये रिक्रूटांकडून मैदानातलं गाजरगवत उपटून घेतलं आणि तोच पाला बी पेरलेल्या वाफ्यांवर आच्छादन म्हणून पसरवला. पंधरा दिवसांत एक कोंब दिसेना. पाणी घालणाऱ्या पोराला कामचुकार ठरवून मी मैदानाच्या पाच फेऱ्या मारायला लावल्या. "उस्ताद, रोज पाणी घातलंय," एवढंच तो म्हणाला.

माळीकाका म्हणाले, "पाला काढा, माती बदला." कारण मी नंतर वाचलं. पाणी पडलं की या पाल्यातून पार्थेनिनसारखी द्रव्यं मातीत उतरतात आणि शेजारचं बी रुजू देत नाहीत. म्हणजे पोराने जितकं इमानाने पाणी घातलं, तितकं विष खाली गेलं!

१९५५-५६ च्या सुमारास आपल्या पुण्यात दिसलेलं हे गवत देशभर पसरलं. त्याचा पाला खाणारे मेक्सिकन भुंगे १९८४ मध्ये बेंगळुरूतच सोडले गेले. टाकळ्याच्या जातकुळीतलं एक झुडूप तर याच हत्याराने गाजरगवताचं बी रोखतं.

नव्या मातीत झेंडू उगवला. त्या दिवशी सगळ्या स्क्वॉडसमोर मी त्या पोराची माफी मागितली.