शब्दाला उत्तर शब्दानेच

देवाधर्माची कुणी थट्टा केली, तर ती मनाला लागते. ज्याला आपण पूज्य मानतो त्याला कुणी हसले म्हणजे अंगाचा तिळपापड व्हावा, यात नवल नाही. विद्यार्थी आम्हांस विचारतात, "गुरुजी, मग आम्ही मुकाट्याने ऐकून घ्यायचे काय?" प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला उडवाउडवीचे उत्तर देणे शिक्षकाला शोभणार नाही.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, धर्माच्या नावाने चालणाऱ्या ढोंगाला हसणे आपल्याकडे परके नाही. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडांतून भोंदू गुरूंची भरपूर टर उडविली, आणि तीच भारुडे लोकांनी भक्तिभावाने गायिली. त्या हसण्याने भक्ती उणावली नाही. उलट निर्मळ झाली.

पुढे १८८८ साली गोपाळ गणेश आगरकरांनी पुण्यात 'सुधारक' काढले आणि रूढींवर प्रहार केले. चिडलेल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. कृत्य हीन खरे. पण तिरडीवर होता तो पुतळा, आणि आगरकरांची लेखणी चालूच राहिली. त्याच पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी, अंधश्रद्धेविरुद्ध वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर सकाळी फिरावयास निघाले असता, त्यांना गोळ्या घालून ठार मारण्यात आले. पुतळ्यापासून देहापर्यंतचे हे अंतर समाजाने केव्हा तोडले? इतर देशांतही हेच दिसते. ७ जानेवारी २०१५ रोजी पॅरिसमध्ये 'शार्ली एब्दो' या व्यंग-साप्ताहिकाच्या कचेरीवर हल्ला होऊन बारा माणसे मारली गेली, निमित्त व्यंगचित्रांचे. आमची मायबोली कोंकणी. तिचे थोर कथाकार दामोदर मावजो यांना २०१८ साली पोलीस संरक्षण द्यावे लागले, हे वाचून आम्हांस घरच्याच माणसाची काळजी वाटली.

मग अपमान गिळावा काय? मुळीच नाही. लेखाला लेखाने उत्तर द्यावे, सभेत उभे राहून खंडन करावे, नको ते पुस्तक मिटून ठेवावे. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने भाषणस्वातंत्र्य दिले आहे, तशा मर्यादाही घातल्या आहेत. जाणूनबुजून, दुष्ट हेतूने कुणी धर्मभावना दुखविल्यास कायदा आहे, न्यायालय आहे. हात उगारण्याचा अधिकार मात्र कुणालाच नाही.

पांढुर्ण्याच्या मुलांना दगडाची ताकद निराळी सांगावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात गोटमार होते, डोकी फुटतात. पळसाच्या झाडावरचा झेंडा कोणत्या काठाने न्यावा, एवढे त्या दगडांनी ठरते. कोणत्या काठाचे म्हणणे खरे, हे काही ठरत नाही. बोलणाऱ्याचे डोके फुटले म्हणून त्याचे बोलणे खोटे पडत नाही. आपल्या श्रद्धेवर ज्याचा खरा भरवसा आहे, त्याने तिची बाजू शब्दांनी मांडावी. दगड उचलणारा, आपल्यापाशी उत्तर नाही, एवढेच जगाला सांगत असतो.