तार लावून, की काढून?

लडाखमधील हानले येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, ४ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मेस’ दुर्बिणीचे उद्घाटन झाले. बातम्यांत तिचा २१ मीटर व्यास आला, ती उभारण्यात पुढाकार घेणाऱ्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे नाव आले, आणि तिच्या कॅमेऱ्यातील १,०८८ फोटोमल्टिप्लायर नळ्यांचा आकडाही आला. या नळ्यांना काम करण्यासाठी अचूक उच्च व्होल्टेज लागते, आणि ते कोणीतरी, कधीतरी, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन लावलेले असते. बातमीत ते मावत नाही, आणि मावावे अशी अपेक्षाही नाही. पुढील मजकूर तेवढ्याच गोष्टीविषयी आहे. फरक इतकाच, की येथे नळ्या आठच आहेत आणि जागा हिमालयातील नसून उत्तर भारतातील एका विद्यापीठाच्या गच्चीवरील खोली आहे.

या खोलीत चार प्रस्फुरक फलक आहेत. वातावरणाच्या वरच्या थरांत जन्मलेला म्युऑन फलकातून गेला, की क्षीण प्रकाश उमटतो. प्रत्येक फलकाच्या दोन टोकांना बसवलेल्या दोन नळ्या त्या प्रकाशाचे विद्युतस्पंदात रूपांतर करतात. पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षात असलेल्या एका विद्यार्थिनीकडे ही सारी मांडणी होती. आठ नळ्यांना आठ उच्च-व्होल्टेज पुरवठे, आणि त्या आठांना हुकूम देणारे संगणकातील एक व्होल्टेज नियंत्रण कार्ड. कार्डाने ० ते १० व्होल्टचा संकेत द्यायचा, पुरवठ्याने त्याची दोनशेपट करून ० ते २,००० व्होल्ट नळीला द्यायचे. नळी १,५०० व्होल्टवर चालवायची असेल तर कार्डाकडून ७.५ व्होल्ट हवेत. वीज गेली तर परत आल्यावर व्होल्टेज एकदम न चढवता पायरीपायरीने चढवायचे, हेही कार्डाचेच काम. रात्री खोलीत कोणी नसे. माणसाच्या जागी कार्डच असे.

दहा पायऱ्यांच्या फोटोमल्टिप्लायरची वर्धनक्षमता व्होल्टेजच्या साधारण सातव्या-आठव्या घाताने बदलते. व्होल्टेज एक टक्क्याने घसरले, तर स्पंद सुमारे सात टक्क्यांनी खुजा होतो. मोजणी करणारे परिपथ ठरावीक उंबरठ्यापेक्षा उंच स्पंदच मोजतात. म्हणून उंबरठ्याच्या जेमतेम वर असलेले स्पंद खाली जातात आणि मोजणीतून निसटतात. म्युऑन तेवढेच आलेले असतात, आकडा मात्र कमी दिसतो.

कार्डाचे अंशशोधन तिने नीट केले होते, हे आधी सांगणे न्याय्य ठरेल. कार्ड चालू करून अर्धा तास तापू दिले, कारण थंड कार्डावर लावलेले आकडे तासाभरात सरकतात. मग शून्याची दुरुस्ती. येथे नवखे हमखास फसतात. ज्या कार्डाचे आउटपुट शून्याच्या खाली जाऊच शकत नाही, त्याला शून्याचा हुकूम देऊन शून्य लावता येत नाही. चूक ऋण असेल तर मीटर शून्यच दाखवील आणि सारे ठीक वाटेल. तिने ०.१ व्होल्टचा हुकूम दिला आणि मीटरवर तेवढेच येईपर्यंत ‘ऑफसेट’चा पेच फिरवला. मग १० व्होल्टचा हुकूम, आणि ‘गेन’चा पेच. गेन हलला की शून्याकडचे टोक किंचित हलते, म्हणून पुन्हा खाली, पुन्हा वर. तिसऱ्या फेरीत दोन्ही टोके जागेवर बसली. मधले बिंदू तपासून झाल्यावर पेच पुन्हा सरकू नयेत म्हणून त्यांवर नेलपॉलिशचा ठिपका. आठ वाहिन्यांना पूर्ण दिवस गेला. सोळा बिटांच्या त्या कार्डाची एक पायरी ०.१५ मिलिव्होल्टची. मीटरवर आठही वाहिन्यांनी १०.००० दाखवले, आणि तो आकडा तिने नोंदवहीत आठ वेळा लिहिला.

मे महिना उजाडला आणि इमारतीतील कूलर सुरू झाले. संकेताच्या तारांत ५० हर्ट्झची गुणगुण शिरली. याचा खरा उपाय अर्थिंगमध्ये होता. संगणक एका सॉकेटवर, पुरवठे दुसऱ्यावर, आणि दोघांच्या जमिनी तारेच्या वेटोळ्याने जोडलेल्या. परंतु त्यासाठी अर्धी खोली उसवावी लागली असती. तिने सोपा मार्ग घेतला. प्रत्येक वाहिनीत एक किलोओहमचा रोधक आणि दहा मायक्रोफॅराडचा कपॅसिटर घालून गाळणी केली. साधारण १६ हर्ट्झच्या वरचे सारे ती दाबू लागते, आणि ५० हर्ट्झची गुणगुण तिसऱ्या हिश्श्यावर येते. हे झाले शुक्रवार, १० मे २०२४ रोजी दुपारी. गाळणी बसवल्यावर तिने तारेचे पुरवठ्याकडील टोक सोडवून मीटरला लावले. मीटरवर ९.९९९. एका मिलिव्होल्टचा फरक. तार परत जोडली, नळ्या चालू केल्या, आणि व्होल्टेज नव्याने चढवल्यावर नळ्या स्थिरावायला वेळ लागतो म्हणून रात्रीपर्यंतची मोजणी नियमाप्रमाणे बाद धरली.

त्याच रात्री, भारतीय वेळेनुसार साडेदहाच्या सुमारास, २००३ नंतरचे सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ पृथ्वीवर पोहोचले. हानलेच्या आकाशात तांबूस ध्रुवीय प्रकाश दिसला, त्याची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी देशभर फिरली. सूर्यावरून सुटलेला चुंबकित प्लाझ्मा वैश्विक किरणांना काही काळ अडवतो, त्यामुळे जमिनीवरची मोजणी काही तासांत घसरते आणि पुढच्या दिवसांत सावकाश भरून येते. स्कॉट फोर्बुश यांनी १९३० च्या दशकात ही घट ओळखली, तिला त्यांचेच नाव आहे. जगभरच्या न्यूट्रॉन मॉनिटरांनी ती त्या रात्री नोंदवली. गच्चीवरच्या फलकांनीही नोंदवली. आलेख उतरला होता, आणि चांगला उतरला होता.

आपल्या उपकरणाने अपेक्षित ते दाखवले की माणूस उपकरणाकडे पाहणे थांबवतो. तिनेही थांबवले. एका परिषदेसाठी गोषवारा पाठवला आणि तो स्वीकारलाही गेला.

आठवडाभराने मोजणी थोडी वर आली आणि मग अडकली. जूनमध्ये जगातील इतर मापकांवर घट भरून आली होती. येथे मोजणी जुन्या पातळीच्या काही टक्के खालीच. तिने हवेच्या दाबाची दुरुस्ती पुन्हा तपासली, तापमानाची तपासली, फलकांवरचे काळे आवरण कोठे फाटले आहे का ते अंधारात टॉर्च लावून पाहिले. हे काही टक्के सोडून देता येण्याजोगे नव्हते. उटी येथील ग्रेप्स-३ प्रयोगाने १ डिसेंबर २०१४ च्या गडगडाटी ढगात १.३ अब्ज व्होल्टचा विभव असल्याचे म्युऑनांच्या मोजणीतील सुमारे दोन टक्क्यांच्या घटीवरूनच काढले होते. ज्या विषयात दोन टक्क्यांना एवढा अर्थ असतो, तेथे कारण न कळलेले दोन टक्के उरावर बसतात. पुरवठ्यांच्या छोट्या मीटरवर पूर्वी १.५० किलोव्होल्ट दिसत असे, ते आता १.४९ दिसत होते. तेही तिला माहीत होते. पण तसल्या मीटरचा शेवटचा आकडा कोण मनावर घेतो?

विभागात निवृत्तीला आलेले एक तंत्रज्ञ होते. सगळे त्यांना चाचाजी म्हणत. जुलैच्या अखेरीस, एका दुपारी ते कूलरची मोटर पाहायला वर आले असता तिने सहज आपली अडचण सांगितली. भौतिकशास्त्रावर त्यांनी काही भाष्य केले नाही. नोंदवहीतील १० मेचे पान पाहून हिंदीत एवढेच विचारले, “बेटी, हे तू तार लावून मोजलंस, की काढून?”

“काढून, चाचाजी. लावल्यावर मीटर कुठे लावणार?”

“मग पुरवठ्याला काय मिळतं, ते कोणी पाहिलं?”

त्यांनी खिशातून दोन बारीक टोकण्या काढल्या आणि पुरवठ्याच्या मागच्या पट्टीवरील स्क्रूंना टेकवल्या. तार जागेवर, भार जोडलेला, हुकूम १० व्होल्टचा. मीटरवर ९.९०१.

पुरवठ्याच्या इनपुटचा रोध १०० किलोओहम होता. माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावर तसे लिहिलेलेही होते. गाळणीतला एक किलोओहम आणि हे शंभर मिळून व्होल्टेजची वाटणी करत होते: एकशे एकातला एक भाग वाटेत, शंभर भाग पोहोचत. बारावीच्या पुस्तकातला विभाजक. १,५०० व्होल्टच्या जागी नळ्यांना मिळत होते १,४८५. एक टक्का व्होल्टेज, सात टक्के वर्धन, अकरा आठवडे.

तिला खरे डाचले ते ९.९९९. मीटरचा स्वतःचा रोध दहा मेगाओहम. म्हणजे त्या दुपारी मीटरनेही नेमकी तीच वाटणी दाखवली होती, दहा हजार एकातला एक भाग. १० व्होल्टवर तो एक मिलिव्होल्ट होतो. मीटरने चूक लपवली नव्हती, शंभरपट लहान करून समोर ठेवली होती. कार्डाच्या सात पायऱ्यांएवढा फरक, आणि ज्या हातांनी तीन-तीन फेऱ्या करून एकेक पायरी जुळवली होती, त्याच हातांनी तो ‘ठीक आहे’ म्हणून लिहून ठेवला.

आणि मीटर निर्दोष होता. त्याच्या प्रमाणपत्राची साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जात होती, जेथे व्होल्ट जोसेफसन परिणामावरून सिद्ध केला जातो. दोन अतिवाहकांमधील पातळ सांध्यावर सूक्ष्मलहरी सोडल्या, की व्होल्टेज वारंवारतेच्या ठरलेल्या पटीतच मिळते. ७५ गिगाहर्ट्झला एका सांध्यामागे सुमारे १५५ मायक्रोव्होल्ट. १० व्होल्टसाठी असे हजारो सांधे एकापुढे एक लागतात. ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये हे भाकीत केले तेव्हा ते २२ वर्षांचे संशोधक विद्यार्थी होते. २० मे २०१९ रोजी प्लांक स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार यांची मूल्ये कायमची ठरवली गेली, तेव्हा प्रयोगशाळांमधला व्होल्ट एक कोटी भागांत सुमारे एका भागाने सरकला, आणि तेवढ्यासाठी जगभरच्या मापनसंस्थांनी आधीपासून तयारी केली होती. एवढी साखळी गच्चीवरच्या त्या खोलीपर्यंत अखंड आली आणि शेवटच्या दीड मीटर तारेत तुटली.

त्या रात्री तिच्यासमोर एक सोपा रस्ता होता. आज्ञावलीत १.०१ ने गुणायचे, मोजणी पूर्वपदावर येईल, आणि आलेखात ‘देखभाल’ असा शब्द लिहून अकरा आठवड्यांवर पडदा टाकायचा. परिषदेला तीन आठवडे होते. घटीचा आकार वादळाशी जुळत होताच, कोणी विचारलेही नसते. परंतु घट किती खोल, हाच तर गोषवाऱ्याचा विषय होता, आणि त्या खोलीत वादळाचा वाटा किती व रोधकाचा किती, हे आलेख सांगू शकत नव्हता. उंबरठ्याखाली गेलेले स्पंद नोंदलेलेच नव्हते. नुसत्या गुणाकाराने ते परत येणार नव्हते.

सकाळी तिने मार्गदर्शकांना सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले, आणि ती शांतता तिला रागावण्यापेक्षा जड गेली असावी. मग त्यांनी विचारले, “गाळण्या फेकल्या तर नाहीस ना?”

फेकल्या नव्हत्या. त्यांचे म्हणणे असे होते: वादळानंतरच्या साऱ्या काळात व्होल्टेज चुकीचे असले तरी स्थिर होते, म्हणून घट कशी भरून आली हे अजूनही सांगता येईल. घट किती झाली, हे सांगायचे असेल तर चूकच मोजावी लागेल. एक दिवस गाळणी लावून, एक दिवस काढून, प्रत्येक नळीसाठी दोन्ही मोजण्यांचे गुणोत्तर काढायचे. मेमधले तापमान ऑगस्टमध्ये मिळणार नाही, म्हणून अनिश्चितता वाढेल. ती वाढलेलीच छापायची. गोषवाऱ्यात दुरुस्ती आजच पाठवायची.

दुरुस्ती गेली. आयोजकांनी तोंडी सादरीकरणाऐवजी भित्तिपत्रकाची जागा दिली. अर्थिंग एका बिंदूवर आणायला चाचाजींना दोन दिवस लागले; पिळाच्या कवचधारी तारा आल्या, कवच एकाच टोकाला जमिनीशी जोडले, आणि गुणगुण गाळणीशिवायच बसली. आठही वाहिन्यांचे अंशशोधन पुन्हा झाले, या वेळी भार जोडून, पुरवठ्याच्या स्क्रूंवर टोकण्या टेकवून. जुने नेलपॉलिश खरवडण्याची वेळ मात्र आली नाही. कार्डाचे पेच होते तेथेच बरोबर होते.

ऑगस्टभर ती एक दिवसाआड सकाळी गच्चीवर जाऊन त्याच आठ गाळण्या हाताने जोडत असे आणि दुसऱ्या दिवशी काढत असे. नोंदवहीत तिने एक नवा रकाना आखला होता. त्यात रोज एकच शब्द, आलटून पालटून: लावून, काढून, लावून.