पिवळा सोबती

रानांत वाट चुकलेल्या मुलाची गोष्ट निघाली म्हणजे घरांतील लहानथोर सारेच कान टवकारतात. अशीच गोष्ट सांगणारा ‘फार फ्रॉम होम : दि ॲडव्हेंचर्स ऑफ यलो डॉग’ हा इंग्रजी बोलपट आम्ही घरीं सर्वांनीं मिळून पाहिला. तो १९९५ सालीं प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक कॅनडांतील फिलिप बोर्सोस हे होत. चित्रपट लोकांसमोर आल्यावर कांहीं आठवड्यांतच, अवघ्या ४१ व्या वर्षीं, रक्ताच्या कर्करोगानें त्यांचें निधन झालें. त्यामुळें ही त्यांची अखेरची कृति ठरली.

कथानक साधें आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत, अँगस नांवाचा १४ वर्षांचा मुलगा आईबाप व धाकटा भाऊ यांच्यासह राहत असतो. त्याला एक बेवारशी पिवळा लॅब्राडॉर कुत्रा सांपडतो, व रंगावरून त्याचें नांवही ‘यलो’ असेंच पडतें. पुढें बापाबरोबर नावेनें जात असतां वादळ होतें, नाव उलटते, आणि बापापासून ताटातूट होऊन हे दोघे एका निर्जन किनाऱ्याला लागतात. त्या प्रदेशांत उंच वृक्षांचें घनदाट अरण्य असून पाऊस अतिशय पडतो. ओल्या कपड्यांनिशीं सांपडलेल्या माणसाला तेथें भुकेपेक्षां थंडीचेंच भय अधिक.

अशा ठिकाणीं अँगसला तारतें तें कांहीं अचाट शौर्य नव्हे. बापानें वेळोवेळीं शिकविलेल्या बारीकसारीक गोष्टी त्याला आठवतात, आणि जवळ एक जिवंत सोबती असतो. कुत्र्याच्या शरीराची उष्णता सुमारें ३८ ते ३९ अंश सेल्सियस, म्हणजे माणसाहून किंचित् अधिक असते. गारठलेल्या मुलाला तेवढी ऊबही मोठी वाटावी. परंतु ऊब देण्याहून मोठें काम कुत्रा करतो. ज्याची काळजी वाहावयाची असा कोणी पाशीं असला म्हणजे मूल स्वतःच्या भीतीला फार वेळ कवटाळून बसत नाहीं.

अखेरीस हेलिकॉप्टर येतें. मुलगा सुखरूप उचलला जातो; कुत्रा मात्र दरींत पडून मागें राहतो. येथें माझा धाकटा भाऊ संतापून म्हणाला, “दादा, त्यांनीं त्याला टाकून का दिलें?” बाबा म्हणाले, “अरे, आधीं माणसाचें मूल वांचवावयाचें असतें. तिकडे आई वाट पाहत आहे.” बाबांचें म्हणणें खरें होतें, पण भावाचे डोळे कोरडे झाले नाहींत. मला वाटतें, दोघांचेंही खरें होतें, आणि अँगसलाही तें उमजलें होतें. तो बचाव करणाऱ्यांना दोष देत नाहीं. परंतु आपलें ऋण फिटलें असेंही मानीत नाहीं. घरीं परतल्यावर तो दिवसामागून दिवस रानाकडे तोंड करून शिट्टी घालीत राहतो, आणि एके दिवशीं यलो खरोखरच परत येतो. कुत्रा न येता, तरी त्या शिट्टीचें मोल माझ्या लेखीं कमी झालें नसतें.

तथापि बालवाचकांनीं एक भेद ध्यानांत ठेवावा. चित्रपटांतील नायक वाट काढीत चालत राहतो. प्रत्यक्षांत बहुधा एका जागीं थांबणेंच हिताचें. १९८१ सालीं कॅलिफोर्नियांतील डोंगरांत वाट चुकलेला ९ वर्षांचा एक मुलगा थंडीनें दगावला. त्याचा शोध घेणाऱ्यांपैकीं कांहींनीं त्यानंतर मुलांना असें शिकविण्याचा उपक्रम सुरू केला, कीं वाट चुकल्यास जवळच्या झाडाला मिठी मारून तेथेंच राहावें. भटकणाऱ्या मुलामागें शोधाचें क्षेत्रही वाढत जातें, हें त्याचें कारण.

सह्याद्रींत सहलीस जाणाऱ्या आमच्या शाळासोबत्यांनींही हें लक्षांत घ्यावें, व खिशांत एक शिट्टी अवश्य बाळगावी. हांका मारून घसा बसतो; शिट्टी फुंकण्यास श्रम थोडे, आणि तिचा आवाज दूरवर पोहोंचतो.