गुण आला, पण कशाने?

औषधशास्त्र शिकवताना बरीच वर्षं माझा एक क्रम ठरलेला होता. वनस्पतीच्या सुगंधी तेलाने वेदना कमी होते का, हे आधी पाहायचं. ते कितपत सुरक्षित आहे, ते मागाहून. आज मला हा क्रम मान्य नाही.

मत बदललं ते हॉट प्लेटच्या चाचणीने. ही प्लेट साधारण 55 अंश सेल्सिअसला तापवतात. उंदीर वर ठेवला की काही सेकंदांत तो पाय चाटतो किंवा उडी मारतो, आणि लगेच त्याला उचलून घेतात. तेल दिल्यावर हा वेळ वाढला, तर वेदना कमी झाली असं आपण धरतो. पण तेलाने उंदराला गुंगी आली असेल, अंग ढिलं पडलं असेल, तरी तो पाय चाटायला उशीरच लावतो. घड्याळातला आकडा दोन्ही वेळा सारखाच. म्हणून त्याच मात्रेवर रोटारॉडची चाचणी हवी: फिरत्या दांड्यावर त्याला तोल सांभाळता येतो का? तो तिथून पडला, तर हॉट प्लेटवर दिसलेला गुण वेदनाशमनाचा की विषबाधेचा, हे कळायला मार्ग नाही.

'एकदाच 2000 मिलिग्रॅम प्रतिकिलो दिलं, 14 दिवसांत एकही उंदीर दगावला नाही' एवढ्यावर मी पूर्वी समाधान मानत असे. पण रोज घेतलेल्या तेलाने यकृताचं काय होईल, हे त्यातून कळत नाही.

लवंगेच्या तेलातलं युजेनॉल चेतातंतूंमधला सोडियमचा प्रवाह रोखतं, म्हणून दाढेची कळ थांबते. तेच जास्त लागलं तर हिरडी भाजते. तान्ह्या मुलाच्या पोटात गेलं तर यकृत निकामी होऊ शकतं. गंधपुऱ्याचं तेल म्हणजे जवळजवळ निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट. दुखऱ्या गुडघ्याला ते चोळतात; पण चहाचा एक चमचा पोटात गेला तर तो सुमारे 7 ग्रॅम ॲस्पिरिनच्या, म्हणजे 300 मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक गोळ्यांच्या बरोबरीचा. आराम देणारा रेणू आणि जिवावर उठणारा रेणू एकच. फरक मात्रेचा आणि वाटेचा.

म्हणून विद्यार्थ्यांकडे मी आता आधी दोन आकडे मागतो: गुण कोणत्या मात्रेला आला आणि अपाय कोणत्या मात्रेला सुरू झाला. या दोहोंत पुरेसं अंतर नसेल, तर ते तेल कितीही गुणकारी ठरो, पोटात घ्यायचं औषध म्हणून मी त्याची शिफारस करणार नाही.