पिल्टनच्या गेटवर

इंग्लंडमधल्या ग्लॅस्टनबरी संगीत महोत्सवाचं 2025 सालचं तिकीट 373 पौंड 50 पेन्सांचं होतं आणि आदल्या नोव्हेंबरात ते 35 मिनिटांच्या आसपास संपलं. मी त्या झुंबडीत शिरलोच नाही. मी ऑक्सफॅम या मदतसंस्थेकडे स्वयंसेवक म्हणून अर्ज केला. तिथला हिशेब साधा आहे. सव्वाआठ तासांच्या तीन पाळ्या करायच्या, त्यातली एक बहुधा रात्रीची असते. तिकिटाएवढी रक्कम अनामत ठेवायची आणि पाळ्या नीट केल्या की ती परत मिळते. तंबूला वेगळं शेत, गरम पाण्याची अंघोळ आणि दर पाळीमागे एक जेवण. आपल्या कामाचा मोबदला महोत्सव ऑक्सफॅमला देतो. 1993 पासून ही व्यवस्था चालू आहे आणि आता तिथं दोन हजारांच्या घरात माणसं अशी राबतात. या सगळ्यात एक अट होती: पाळीवर येणारा माणूस दारू न प्यायलेला हवा. मी दारू सोडलेली आहे. सोडण्यापूर्वी संगीत आणि दारू मी कधी वेगळी केली नव्हती, त्यामुळे सोडल्यावर संगीतालाही मुकलो होतो. ती अट वाचली आणि वाटलं, या दाराने आपल्याला आत जाता येईल.

रेडिंगहून कॅसल कॅरीची गाडी पकडली. डबा पाठपिशव्यांनी आणि बिअरच्या खोक्यांनी भरलेला. ग्लॅस्टनबरीत आपली दारू आपल्याला नेता येते, फक्त काचेची बाटली चालत नाही. त्यामुळे ढकलगाड्यांवर कॅनच्या चळती बांधून माणसं निघाली होती. समोरच्या पोरांनी मलाही एक कॅन पुढे केला. "नको, मी पीत नाही," म्हणालो, आणि विषय तिथंच संपला. हे वाक्य मी घरी मनातल्या मनात घोटलं होतं. कारणं द्यायची नाहीत, औषधं चालू आहेत असं खोटंही सांगायचं नाही. चार शब्द, आणि लगेच त्यांना विचारायचं की कुणाकुणाला ऐकणार. मग गाडी उतरेपर्यंत तीच चर्चा.

स्टेशनपासून बस थेट शेतावर नेते. शेत म्हणजे खरोखरचं शेत. सॉमरसेट परगण्यातल्या पिल्टन गावची वर्दी फार्म ही मायकेल ईव्हिस यांची दुभत्या गायींची शेती. 19 सप्टेंबर 1970 रोजी, जिमी हेंड्रिक्स गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, इथं पहिला जलसा झाला. तिकीट एक पौंड, आलेली माणसं दीड हजार आणि प्रत्येकाला शेतावरचं दूध फुकट. आज इथं दोन लाखांवर माणसं पाच दिवस राहतात. ईव्हिस मेथडिस्ट पंथाचे, आणि त्या पंथात दारूपासून लांब राहण्याची जुनी परंपरा आहे. दुधाने सुरू झालेल्या या जत्रेत आता सायडरची अख्खी बस उभी असते. सॉमरसेट हा सफरचंदांचा मुलूख, तेव्हा ते स्वाभाविकच. संध्याकाळी मसाले घातलेल्या गरम सायडरचा वास दूरवर येतो. त्या बाजूने जायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं आणि नकाशावर दुसरी वाट शोधून ठेवली.

स्वयंसेवकांच्या शेतात माझ्या शेजारी ब्रिस्टॉलच्या एका निवृत्त परिचारिकेचा तंबू होता. पहिल्या संध्याकाळी लोक गोल करून बसले, कॅन उघडू लागले, तेव्हा मी तिला सांगून टाकलं. निदान एका माणसाला लवकर सांगावं, हे मी अनुभवाने शिकलोय. आपण उठून निघालो तर का निघालो हे कुणाला तरी ठाऊक हवं. ती म्हणाली, "मग सकाळचा चहा तुझ्याकडे." बाकीचे दिवस पाळी नसेल तेव्हा मी सहा वाजता स्टोव्ह पेटवत होतो आणि कप हातात घेऊन तिच्यासोबत आणखी चार-पाच जण येऊन बसत होते.

काम गेटवर. मनगटपट्टे तपासायचे, रांग सरळ ठेवायची आणि अखंड उत्तरं द्यायची. पाणी कुठे, संडास कुठे, दवाखाना कुठे, बस किती वाजता. बुधवारी सकाळी आठला गेटं उघडली तेव्हा रात्रभर ताटकळलेली माणसं पळत सुटली. मागे उंच पोलादी कुंपण. 2000 साली विनातिकीट माणसांचा लोंढा शिरला, 2001 साली महोत्सवच झाला नाही आणि 2002 साली हे कुंपण आलं. माझ्या अंगात रात्री चमकणारं बिनबाह्यांचं जाकीट. त्या जाकिटाची किंमत मला दोन तासांत कळली. जाकीट घातलेल्या माणसाला कुणी दारू देऊ करत नाही. माझे वडील, अण्णा, माळकरी. लोणंदला आमच्या घरी लग्नाकार्यात कितीही मंडळी जमली तरी अण्णांना कधी कुणी आग्रह केलेला मी पाहिला नाही. गळ्यातली माळ दिसली की पुढचा हात आपोआप मागे जायचा. माझ्या गळ्यात माळ नाही. सव्वाआठ तासांपुरतं ते काम या जाकिटाने केलं.

शुक्रवारी माझी रात्रपाळी होती, पावणेदहा ते सहा. दोनच्या सुमाराला सुट्टी झाली तेव्हा अण्णांना फोन लावला. तिकडे साडेसहा वाजले होते. माउलींची पालखी त्या आठवड्यात पंढरीच्या वाटेवर होती आणि अण्णा वारकऱ्यांना पाणी द्यायला आदल्या दिवसापासून रस्त्यावर होते. "तुझ्याकडं किती माणूस आहे?" त्यांनी विचारलं. दोन लाख म्हटल्यावर म्हणाले, "मग पाण्याची सोय कशी केलीय?" मी सांगितलं की ठिकठिकाणी नळ आहेत, प्लास्टिकच्या बाटल्या विकायला 2019 पासून बंदी आहे आणि वॉटरएड नावाच्या संस्थेची माणसं पाणी देतात, संडासही सांभाळतात. हे त्यांना पटलं. मग जरा थांबून म्हणाले, "आणि तू बरा आहेस ना रे?" मी म्हटलं, बरा आहे. त्या वेळी ते अगदी खरं होतं.

साडेतीनला एक पोरगा आला. वीस-एकवीसचा, अंगात शर्ट नाही, दात वाजताहेत. तंबू सापडत नव्हता. शेजारी झेंडा होता, एवढंच म्हणत होता, आणि तिथं झेंडे हजारो. मी कधीकाळी त्याच्या जागी बसलेलो आहे. त्यामुळे त्याला काय विचारू नये हे मला ठाऊक होतं. किती प्यायलास, हे विचारायचं नाही. माझ्या सहकाऱ्याने घोंगडी आणली, मी पाणी दिलं, सुपरवायझरने वायरलेसवर मदतकक्षाला कळवलं. ती माणसं येईपर्यंत मी त्याच्याजवळ बसलो. कुणाबरोबर आलास, कोणतं गाणं ऐकलंस, असं विचारत राहिलो. तो मधेच रडला, मग एका गाण्याबद्दल फार सुंदर बोलला. सकाळी त्याला त्यातलं काही आठवलं नसेल. मला सगळं आठवतंय.

पाचच्या सुमाराला उजाडलं. खालच्या सखल शेतांवर धुकं आणि पलीकडे ग्लॅस्टनबरी टॉरच्या टेकडीवरचा एकटा मनोरा. शेतावरच्या शिळावर्तुळापाशी रात्र काढलेली माणसं परतत होती. ते वर्तुळ पुरातन वाटतं, पण उभारलंय 1992 साली. सूर्योदय बघायला माणसं तिथं जमतात. मला हे फार आवडलं.

रात्रीची भीती मला निघण्याआधी होती. प्रत्यक्षात कठीण गेली ती दुपार. शनिवारी झोपून उठलो, पाळी नव्हती, ऊन कडक होतं आणि हात रिकामे होते. आजूबाजूला प्रत्येकाच्या हातात काहीतरी गार. दारूची तल्लफ अशा मोकळ्या, बऱ्या वेळीच येते, हे दारू न पिणाऱ्या माणसाला समजावणं अवघड असतं. मी अंघोळ केली, पोटभर जेवलो, लिंबाचं सरबत घेतलं आणि परिचारिकाबाईंना म्हटलं, चला. बिनदारूच्या बिअरही तिथं मिळतात. पुष्कळांना त्यांचा आधार होतो. मला ती चव नको असते.

सव्वासहाला पिरॅमिड मंचावर 'पॅचवर्क' अशा अनोळखी नावाखाली कुणीतरी येणार होतं आणि आला तो पल्प हा बँड. 1995 साली स्टोन रोझेसना ऐनवेळी यायला जमलं नाही, तेव्हा याच मंचावर पल्पला उभं केलं होतं आणि ती रात्र इथल्या इतिहासात गेली. बरोबर तीस वर्षांनी तोच बँड परत. माझ्या पुढे एक बाप लेकीला खांद्यावर घेऊन, एकेक ओळ पाठ असल्यासारखा गात होता. मी नाचलो. दारू न पिता गर्दीत नाचताना पहिल्या गाण्याला हातापायांचं काय करावं हे कळत नाही. तिसऱ्या गाण्यापर्यंत ते सुटलं.

रात्री नील यंग. वय 79. सुरुवातीला एकटाच, गिटार आणि हार्मोनिका घेऊन. नंतर वाद्यवृंद आला आणि गिटारचा तो खरखरीत, लांबत जाणारा आवाज साऱ्या उतारावर पसरला. पूर्वी अशा जलशांचा शेवट मला दुसऱ्यांकडून कळायचा. आज सुराचा कडा कुठे तुटला, ढोलवाला कुठे किंचित थांबला, हे सगळं माझ्या कानांनी ऐकलं आणि ते माझ्याजवळ राहिलं. दारूने गाणं खुलतं, असं मी वर्षानुवर्षं मानत होतो. दारू गाणं झाकून टाकते. माझ्यापुरतं तरी मी हे ठामपणे सांगू शकतो.

रविवारची शेवटची पाळी दुपारची होती. रॉड स्टुअर्टची गाणी वाऱ्याबरोबर तुकड्यातुकड्यांत येत होती आणि रांगेतल्या बायका ती पुरी करत होत्या. रात्री दहा वाजता जाकीट परत केलं. सुपरवायझरने विचारलं, पुढे येणार का? 2026 साली महोत्सव नाही. दर काही वर्षांनी जमिनीला विसावा देतात आणि त्या वर्षी शेत पुरतं गायींचं असतं. मी म्हटलं, 2027 ला नाव घाला, आणि जमलं तर तिन्ही पाळ्या रात्रीच्या द्या.